रत्नागिरीतला साठच्या दशकातला फ्लॅट: छज्जे, जाळ्या आणि झाडं राखून दुरुस्ती होईल का?

सुरंगी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण विषयच तसा आहे.

रत्नागिरीत सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, एका जुन्या कॉलनीत माझ्या आत्याचा फ्लॅट होता, तो आता माझ्याकडे आलाय. १९६०च्या दशकातल्या तीन मजली इमारती. दोन इमारतींमध्ये भरपूर मोकळी जागा आणि त्या जागेत आंबा, फणस, बकुळ, सोनचाफा, एक अवाढव्य पर्जन्यवृक्ष. इमारतींवर नक्षी अशी काहीच नाही. सरळ रेषा, सपाट गच्ची, दोन फूट पुढे आलेले लांबच लांब छज्जे, पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर आलेले उभे पातळ पडदे, जिन्याला खालपासून वरपर्यंत सिमेंटची जाळी. आत मोझॅकची फरशी, सागवानी खिडक्या, त्यांच्यावर कधीही बंद न होणारे झरोके. एप्रिलच्या दुपारी या घरात पंख्यावर भागतं. दोनशे पावलांवरच्या नव्या इमारतीत एसीशिवाय कोणी झोपत नाही.

सोसायटीत आता दोन गट आहेत. एकाला पुनर्विकास हवाय. दुसऱ्याला दुरुस्ती हवीय, पण त्यांच्या मते दुरुस्ती म्हणजे छज्जे तोडायचे, जाळी काढून काचा लावायच्या, बाल्कन्या आत घ्यायच्या, गच्चीवर पत्रा टाकायचा आणि मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करायचं. यातल्या कुठल्याही वाटेने गेलं तरी ज्यामुळे हे घर राहण्याजोगं आहे ते सगळं जाणार. मला मनापासून वाटतं की ही इमारत आणि ही झाडं मिळून एकच रचना आहे, आणि ती तशीच नीट करता यायला हवी.

छज्ज्यांच्या खालचं प्लास्टर पडलंय, गंजलेल्या सळया दिसतात. हे वाचवता येतं का? सर्वसाधारण सभेत काय मांडू? जाणकारांनी कृपया लिहावं.

आबा दापोलीकर

सुरंगीताई, अशा इमारतींवर मी ओव्हरसियर म्हणून उभा राहिलोय, तेव्हा थोडं सांगतो.

त्या काळी सिमेंट परवान्यावर मिळायचं. सिमेंटवरचं नियंत्रण आधी १९८२ साली अर्धवट उठलं आणि १९८९ला पूर्ण. लोखंडाचीही ओढाताणच. म्हणून आपल्याकडे भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, भार त्यांच्यावर, आणि काँक्रीट फक्त स्लॅब, लिंटेल नि छज्ज्यापुरतं. माल एकास दोन चार, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी, बऱ्याचदा फावड्याने कालवलेला. सळया गुळगुळीत माइल्ड स्टीलच्या. सळईखालचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, अर्धा इंच, म्हणजे आजच्या हिशोबाने फारच कमी. आणि वाळू पुष्कळदा खाडीची. गोड्या पाण्याने धुवून घ्या असं सांगितलेलं असायचं. धुतली किती जायची ते कामाकामावर होतं.

छज्ज्याचं एक दुखणं निराळं असतं. पुढे लोंबणाऱ्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी, कारण ताण वरच पडतो. काँक्रीट ओतताना गडी त्या सळयांच्या जाळीवर पाय देऊन चालले की सळई खाली बसते. मग भिंतीलगत वरून चीर जाते, पाणी त्या चिरेतून आत शिरतं, आणि आपण मात्र खालचं प्लास्टर बघत बसतो. तेव्हा आधी शिडी लावून छज्ज्याच्या वरच्या बाजूला, भिंतीच्या सांध्यात चीर आहे का ते बघा. असेल तर दुखणं वेगळं, नसेल तर वेगळं.

चिऱ्याच्या भिंतींची काळजी करू नका. पाणी लागत नसेल तर जांभा पिढ्यान् पिढ्या टिकतो.

चिरेबंदी

आबांनी मुद्द्यालाच हात घातला. मी चिपळूणला स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, किनाऱ्यावरच्या इमारतींचीच कामं जास्त करतो.

ताज्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच, साडेबाराच्या वर असतो. त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो, सामू नऊच्या आसपास येतो आणि तो थर जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. कव्हर अर्धा इंच असेल तर इतक्या वर्षांत ते सळईपर्यंत पोचलेलं असणारच. दुसरा शत्रू मीठ. क्लोराइड पुरेसं साठलं की सामू चांगला असूनही तो थर फोडतं. ते खाऱ्या वाऱ्याबरोबर बाहेरून येतं, किंवा खाडीच्या वाळूतून पहिल्या दिवसापासून आतच असतं. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, म्हणून प्लास्टर आणि काँक्रीट फुगून पडतं.

हे दोन शत्रू वेगळे ओळखणं फार गरजेचं आहे, कारण उपाय वेगळे आहेत. फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी स्वस्त आणि सोपी: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर द्रावण शिंपडायचं, गुलाबी झालं तिथे सामू शाबूत, रंगहीन राहिलं तिथे कार्बोनेशन झालेलं. क्लोराइडसाठी भुकटी काढून प्रयोगशाळेत पाठवायची, आणि ती वेगवेगळ्या खोलीवरची घ्यायची. वर जास्त, आत कमी आलं तर मीठ बाहेरून आलंय. सगळीकडे सारखं आलं तर ते वाळूतलं. सोबत हाफ सेल पोटेन्शियल (सळई कुठे गंजत असण्याची शक्यता आहे ते कळतं), कव्हर मीटर (कव्हर किती आहे ते मोजतं), आणि थोडे कोअर (तपासणीसाठी कापून काढलेले काँक्रीटचे गोल तुकडे).

आता एक कळकळीची विनंती. पडलेल्या जागेपुरतं प्लास्टर थापून घेऊ नका. क्लोराइडवाल्या काँक्रीटमध्ये एवढाच तुकडा नवा केला की त्या तुकड्याच्या कडेची जुनी सळई आणखी वेगाने गंजायला लागते. दोन पावसाळ्यांत बाजूचं प्लास्टर पडतं आणि लोक म्हणतात, दुरुस्ती टिकत नाही, पाडा. योग्य पद्धत म्हणजे सळईच्या मागेपर्यंत सैल काँक्रीट काढायचं, गंज पूर्ण घासायचा, ज्या सळईचा छेद बराच कमी झालाय तिला जोड द्यायची, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीटने भरायचं आणि वर कार्बोनेशनरोधक रंग. मीठ खोलवर असेल तर सळईला जस्ताचे बळी अॅनोड जोडतात, जस्त आधी झिजतं आणि सळई वाचते.

गच्चीबद्दल: गळतीवर गळती म्हणून विटांच्या कोब्यावर (पाणी अडवायला घातलेल्या थरावर) पुन्हा कोबा चढवला असेल तर त्या चार इंची स्लॅबवर नको तेवढं ओझं आहे. आधी ते उतरवून बघा.

वास्तुवेल्हाळ

धागा वाचून फार आनंद झाला. मी आर्किटेक्चर शिकवते, आणि या साध्या दिसणाऱ्या इमारती विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते.

सुरंगी, तुमच्या छज्ज्याचा हिशोब मांडून बघा. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ ते ५० अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर सव्वादोन फुटांपेक्षा थोडी जास्त उतरते, म्हणजे चार फुटी खिडकीचा खालचा भाग कोवळ्या थंडीत उन्हात राहतो. मार्चपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सूर्य डोक्यावर चढलेला, तेव्हा भर दुपारी तीच खिडकी पूर्ण सावलीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून छज्जा उत्तरेलाही लागतो. पश्चिमेला मात्र ऊन तिरकं, खालून येतं. तिथे आडवा छज्जा कुचकामी, म्हणून उभे पडदे. ज्याने हे आखलं त्याने सूर्य बघून आखलंय. छज्जा तोडून काळी काच लावली तर ऊन काचेवर पडेल, काच तापेल आणि ती उष्णता खोलीत येईल. छज्जा ते ऊन भिंतीबाहेरच अडवतो.

तीच गोष्ट वाऱ्याची. दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. घराच्या पूर्व-पश्चिम दोन्ही भिंतींना खिडक्या-झरोके असतील तर दिवसरात्र हवा वाहते. झरोके बंद न होणारे ठेवलेत ते छताखालची तापलेली हवा निघून जावी म्हणून, आणि पावसाची झड आली की खिडकी लावूनही घर कोंदत नाही. जिन्याची जाळी हवा खेचते आणि पाऊस अडवते. आणि बाल्कनी ही आपली पडवीच आहे, उभी एकावर एक रचलेली. कोकणातल्या घराला पडवी का असते हे ज्याला माहीत आहे त्याने ती आत घेऊ नये.

ही विचारसरणी जगभर एकाच काळात वाढली. १९५१ पासून चंडीगढमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याबरोबर पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू काम करत होते. सरकारी कर्मचाऱ्यांची साधी घरं या तिघांनी विटांच्या जाळ्या, छज्जे आणि खोल सावल्या वापरून केली. त्याच्याही आधी पुदुच्चेरीला अरविंद आश्रमाचं गोलकोंद हे वसतिगृह अँटोनिन रेमंड यांनी केलं. काम १९३०च्या दशकात सुरू झालं. उघडं काँक्रीट, दोन्ही लांब बाजूंना भिंतीऐवजी हलवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या, दोन्हीकडे बाग. समुद्राजवळच आहे आणि आजही वापरात आहे, कारण आश्रमातले लोक त्याची देखभाल सतत करत आलेत. खाऱ्या हवेत काँक्रीट टिकत नाही असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देते.

माहेरवाशीण

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, राग मानू नका. अशाच कॉलनीत माझी आई तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघ्यांमुळे ती महिनोन् महिने खाली उतरत नाही. ज्या बकुळीखाली तिने आम्हाला वाढवलं ती बकुळ ती आता वरून बघते. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीतून खालच्या घरात ओल जाते आणि त्यावरून भांडणं. छज्जा सुंदर आहे हे मला पटतं, पण त्याचा तुकडा खाली खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात पडला तर? लिफ्ट, चांगलं प्लंबिंग आणि भीती नसलेलं छप्पर, हे मागणारे लोक सौंदर्याचे शत्रू नसतात. पुनर्विकासात हे तिन्ही एकदम मिळतं, म्हणून ते हात वर करतात.

सुरंगी

माहेरवाशीणताई, राग कशाचा? तुम्ही लिहिलंत ते आमच्या सभेतही कोणीतरी लिहून द्यायला हवं. लिफ्टचं उत्तर नसेल तर माझ्या बाकी बोलण्याला अर्थ नाही, हे मला मान्य आहे. चिरेबंदी, जिन्याला बाहेरून लिफ्ट जोडता येते का?

चिरेबंदी

येते, बऱ्याच जुन्या सोसायट्यांनी केलंय. जिन्याच्या बाहेर लोखंडी सांगाड्याची स्वतंत्र चौकट, स्वतःच्या पायावर. जुन्या भिंतीवर तिचा भार द्यायचा नाही. अडचण एकच: अशा इमारतीत लिफ्ट बहुधा अर्ध्या मजल्यावरच्या लँडिंगला थांबते, तिथून घरापर्यंत अर्धा जिना उरतो. ते टाळायचं तर मागच्या बाल्कन्यांच्या बाजूने छोटा पूल काढून थेट मजल्यावर उतरवावं लागतं. जागा मोजून नकाशा काढल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नये. नगरपरिषदेची परवानगी लागेल. लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) घ्या, नुसता रंग या हवेत तग धरणार नाही.

न्हाणीघराची ओल बहुधा जुन्या बिडाच्या पाइपांमुळे असते. पाइप भिंतीबाहेर उघडे काढले की गळती दिसते आणि दुरुस्तही होते. माहेरवाशीणताईंची निम्मी भीती आणि खालच्या मजल्याशी होणारी सगळी भांडणं यात मिटतात. तोपर्यंत छज्ज्यांखाली पडणारे तुकडे झेलणारी जाळी बांधा, सैल तुकडे आजच उतरवा. सुरक्षेसाठी सभेच्या ठरावाची वाट बघायची नसते.

दूरदेशी

मूळचा मालगुंडचा, सध्या लंडनच्या नैर्ऋत्येला हॅम भागात भाड्याने राहतो. आमच्या शेजारीच पार्कलीज नावाची वसाहत आहे, १९५४ ते ५६ मध्ये बांधलेली. सुरंगीताईंचं वर्णन वाचताना डोळ्यांसमोर तीच आली. दोन-तीन मजली सपाट छपरांच्या इमारती, मोठ्या खिडक्या, आणि मधे झाडांनी भरलेली अंगणं. वास्तुकार एरिक लायन्स, आणि विकसक जेफ्री टाउनसेंड, स्पॅन ही त्यांची कंपनी. टाउनसेंड स्वतः वास्तुकार होते. तेव्हा तिथल्या वास्तुकारांच्या संस्थेचे नियम वास्तुकाराला विकसक होऊ देत नसत, म्हणून त्यांनी त्या संस्थेचं सभासदत्व सोडलं.

मला तिथली दोन कामं फार महत्त्वाची वाटतात. ती जागा आधी रोपवाटिका होती, आणि तिथली झाडं शक्य तेवढी राखून इमारती बसवल्या. दुसरं म्हणजे घर घेणारा प्रत्येकजण रहिवाशांच्या संस्थेचा सभासद होतो. बाग सगळ्यांची, तिचा खर्च सगळ्यांचा, आणि खिडक्या-दारांचं बाहेरचं रूप आपल्या मर्जीने बदलायचं नाही हे करारातच. आज या वसाहतीला ग्रेड २ दर्जाचं वारसा संरक्षण आहे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या लोकांनी ती करारामुळे राखली. आपली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे हाच प्रकार की. उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, आपल्या हातात आहेत. झाडांसाठी वेगळा निधी आणि दर्शनी भागाचे नियम सर्वसाधारण सभा मंजूर करू शकते.

हवामान मात्र वेगळं. तिथल्या मोठ्या काचा थंडीत ऊन आत घेण्यासाठी आहेत, त्यांची नक्कल रत्नागिरीत नको.

गडगा

झाडांवर लिहितो, कारण पेव्हर ब्लॉक हा शब्द वाचून पोटात गोळा आला.

सड्यावर जांभ्याच्या वर माती जेमतेम. मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. पार्किंगसाठी एक फूट खोदून खडी दाबली की ती मुळं तुटतात. झाड लगेच मरत नाही. तीनचार वर्षं हिरवं दिसतं, मग एखाद्या वादळात मुळासकट आडवं होतं आणि दोष झाडाला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात बागाच्या बागा झोपल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. तेव्हापासून लोक मोठ्या झाडाला घाबरतात, ते समजतं. पण ज्याची मुळं शाबूत आणि शेंडा तज्ज्ञाने हलका केलेला आहे अशा झाडापेक्षा चहूबाजूंनी काँक्रीटने आवळलेलं झाड कितीतरी धोक्याचं. गाड्या लावायच्याच असतील तर आत्ता जिथे डांबर आहे तिथेच लावा, खोडापासून निदान फांद्यांच्या घेरापर्यंत माती उघडी ठेवा.

कायद्याचंही बघा. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वर्षांहून जुनं झाड आता वारसा वृक्ष धरलं जातं, आणि झाड तोडायची परवानगी मिळाली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. तुमच्या कॉलनीतली बरीच झाडं इमारतीबरोबर लावलेली असणार, म्हणजे ती या व्याख्येत बसतील. कोणत्याही विकासकाला हे आधी सांगा. आणि झाडांची यादी आजच करा: जात, घेर, जागा, फोटो.

नवीन लावायची तर उंडी, करंज, ताम्हण, सुरंगी, बकुळ लावा. उंडी तर खाऱ्या वाऱ्यातच वाढणारी. गुलमोहर इमारतीजवळ नको, त्याचं लाकूड ठिसूळ.

नवा सभासद

घरात अॅल्युमिनियम स्लायडिंग बसवून घेतल्या, मेन्टेनन्स नाही. सागवान जपायला वेळ कुणाला आहे?

वास्तुवेल्हाळ

दोन पाखांची स्लायडिंग निम्मीच उघडते, म्हणजे हवा निम्मी. दोन पाखांची बाहेर उघडणारी खिडकी पूर्ण उघडते. अॅल्युमिनियमच हवं असेल तर तशी घ्या, आणि वरचे झरोके कृपया बुजवू नका. जुन्या सागाची चौकट मात्र काढण्याआधी एका चांगल्या सुताराला दाखवा. बहुतेक वेळा खालचा आडवा तुकडाच कुजलेला असतो आणि तेवढाच बदलता येतो.

मोझॅकही उखडू नका. मशीनने घासून पॉलिश केलं की ते नव्यासारखं होतं, आणि नव्या टाइल्सचं ओझं स्लॅबवर चढत नाही.

सुरंगी

किती दिलंत सगळ्यांनी! मी सभेसाठी असा ठराव लिहितेय. आधी सैल काँक्रीट उतरवणं आणि जाळी बांधणं. मग चिरेबंदींनी सांगितलेल्या चाचण्या नावानिशी लिहून स्ट्रक्चरल ऑडिट, कारण नुसतं "ऑडिट" म्हटलं की डोळ्यांनी बघून दोन पानी अहवाल येतो. लिफ्ट आणि पाइप यांचा नकाशा त्याच्यासोबत. झाडांची यादी. हे सगळं हातात आल्यावरच दुरुस्ती की पुनर्विकास यावर मतदान.

चिरेबंदी

बरोबर क्रम. सभेत हेही सांगा की आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायलाच हवं, म्हणजे तुम्ही जादा काही मागत नाही आहात. आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या पुनर्विकासाला एकूण सभासदांच्या निदान ५१ टक्क्यांची संमती लागते. हजर असलेल्यांचा आकडा त्यात चालत नाही. ऑडिट करणारा विकासकाने सुचवलेला नसावा. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, तेही बघून ठेवा. जुन्या हाउसिंग बोर्डाच्या, म्हणजे १९७७ नंतरच्या म्हाडाच्या, कॉलन्यांत तिथेच घोडं अडतं.

एक मात्र सरळ सांगतो. मीठ आतपर्यंत सगळीकडे आणि सळया निम्म्या गेलेल्या निघाल्या तर छज्जा तोडावा लागेल. तेव्हा त्याच मापाचा नवा छज्जा घालायचा, पूर्ण कव्हर आणि चांगल्या काँक्रीटने. तोडला म्हणून तो कायमचा गेला असं होऊ देऊ नका.

माहेरवाशीण

लिफ्टचा नकाशा ठरावात घेतलात, धन्यवाद. हाच मसुदा मी आईच्या सोसायटीतही देते. लिफ्ट बसत असेल तर आमच्या मजल्यावरची सगळी मतं दुरुस्तीला पडतील, हे मी खात्रीने सांगते.

सुरंगी

आबा, शेवटचं एक. जिन्याच्या जाळीतले काही ठोकळे फुटलेत. तसे आता कुठे मिळत नाहीत, सगळे म्हणतात काच लावा.

आबा दापोलीकर

मिळायची गरजच नाही, तेव्हाही ते साइटवरच ओतायचे. शाबूत ठोकळा एक सोडवून घ्या, त्याच्यावरून सुताराकडून सागाचा किंवा फॅब्रिकेटरकडून पत्र्याचा साचा करा, तो चार बाजूंनी सुटणारा हवा. आतल्या कडांना किंचित उतार ठेवा, नाहीतर ठोकळा साच्यातून निघताना कोपरे तुटतात. साच्याला तेल लावा. बारीक खडी, नदीची वाळू किंवा धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), आणि पाणी बेताचं. आत लोखंडी तार घालू नका, जुन्या ठोकळ्यांत तीच गंजून ते फुटलेत बघा. दुसऱ्या दिवशी साचा सोडवा आणि ठोकळे निदान दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवा. पावसाळ्यापूर्वी करायचं असेल तर फेब्रुवारीत सुरुवात करा, कारण एका साच्यातून दिवसाला एकच ठोकळा निघतो. साचे तीनचार करून घ्या.